यांच्या मेंदूची मोजणी

२०१७ च्या दिवाळीत हे पहिल्यांदा पडले, ते पण मागच्या मागे. स्टुलावर चढले होते असं पण नाही, अंगणात नुसते उभे राहून मुलाला "कंदील जरा डावीकडे घे" सांगत होते आणि वर बघता बघता झाड पडावं तसे सरळ पाठीवर गेले. हात सुद्धा टेकले नाहीत. माणूस पडताना हात पुढे करतो ना, तेच झालं नाही, आणि मला त्या दिवशी पडण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली होती पण बोलले नाही कुणाला.

त्या वर्षभरात अजून चार वेळा पडले. आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, व्हर्टिगोच्या गोळ्या झाल्या, मग बीपीची गोळी बदलून बघितली, मग हाडांचे डॉक्टर झाले. शेवटी २०१८ मध्ये मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी चालून दाखवायला सांगितलं, मनगट फिरवून बघितलं आणि पार्किन्सन म्हणाले, त्याची सिंडोपा ही गोळी सुरू केली आणि एक एमआरआय करून घ्या म्हणाले. हा आमचा पहिला एमआरआय. रिपोर्ट दोन ओळींचा आला, वयोमानाप्रमाणे मेंदू थोडा आकसलाय, बाकी विशेष काही नाही. आम्ही देवापुढे साखर ठेवली. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच दिसतो, तो गाठ नाही ना, पक्षाघाताचा झटका येऊन गेला नाही ना, डोक्यात पाणी साठलं नाही ना हे बघायला काढतात. म्हणजे काही नाही निघालं तर आजार नाही असा त्याचा अर्थच होत नाही. ज्यांच्या घरी हे सगळं नवीन आहे त्यांना कळावं म्हणून हे सगळ्यात आधी लिहितेय.

आता यांच्याबद्दल थोडं सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, गावाकडची माणसं म्हणायची मोजणीवाले साहेब. आयुष्य बांधावर गेलं. भावाभावांची वाटणी, पोटहिस्सा, सरकलेला बांध, सगळं बघितलेलं. घरी आले की टेबलावर टिपण, स्केल, डिव्हायडर, आणि एकच वाक्य ठरलेलं, मोजणी कायम खुणेपासून धरली नाही तर सगळं शेत चुकतं. कायम खूण म्हणजे जागची न हलणारी पक्की खूण. मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ आहे. त्याचा उपयोग असा होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

सिंडोपाचा डोस वाढवत वाढवत नेला पण फरक काही पडेना. हाताला कंप तर कधी नव्हताच. ओळखीतल्या एका काकांना पार्किन्सन होता, त्यांना गोळी घेतली की अर्ध्या तासात हातपाय सुटे व्हायचे, ते मला दिसत होतं, आणि यांना गोळी घेतली काय नाही घेतली काय सारखंच. म्हणून २०१९ मध्ये पुण्याला मुलाकडे गेलो आणि तिथल्या डॉक्टरांनी ट्रोडॅट स्कॅन करा म्हणून सांगितलं.

हा स्कॅन कसा असतो ते नीट सांगते. सकाळी गेलो, आधी चालू गोळ्यांची सगळी यादी घेतली कारण काही औषधांनी निकाल बिघडतो. मग शिरेतून एक इंजेक्शन दिलं, त्यात टेक्नेशियम असतं, थोडं किरणोत्सारी, पण ६ तासांत निम्मं होतं असं तिथल्या मुलीने समजावलं. इंजेक्शननंतर साधारण ४ तास थांबायला लावलं, ते औषध मेंदूत जाऊन डोपामाइनच्या, म्हणजे हालचालींसाठी लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या, टोकांना चिकटायला वेळ लागतो. आम्ही बाहेर बाकावर बसून डब्यातली पोळीभाजी खाल्ली. मग स्कॅन, अर्ध्या पाऊण तासाचा, यंत्र डोक्याभोवती हळूहळू फिरतं, आवाज जवळजवळ नाही. चित्र येतं ते रंगीत. चांगल्या मेंदूत दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखा आकार उजळतो, आणि आजार असेल तर स्वल्पविरामाची शेपटी जाते आणि नुसता टिंब राहतो. यांचे दोन्हीकडे टिंबच होते आणि ते पण फिकट.

आम्हाला वाटलं चला आता पक्कं कळलं. तर डॉक्टर म्हणाले की यावरून डोपामाइन कमी झालंय एवढंच ठरतं, कुठल्या आजाराने कमी झालंय ते नाही ठरत, कारण पार्किन्सनमध्ये पण असंच दिसतं आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांत पण असंच दिसतं. मुलाने विचारलं की मग दरवर्षी हाच स्कॅन करत गेलो तर आजार किती पुढे सरकला ते कळेल का. बहुतेक घरांत हा प्रश्न विचारला जातो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की संशोधनात तसं करतात, अमेरिकेत मायकल जे फॉक्स फाउंडेशन या पार्किन्सनवरच्या संस्थेने २०१० पासून एक मोठा अभ्यास चालवलाय त्यात याच जातीचे स्कॅन त्याच माणसांचे पुन्हा पुन्हा काढतात, आणि शेकडो माणसांची सरासरी काढली की उतार दिसतो. पण एकट्या माणसाचे दोन आकडे शेजारी ठेवले तर त्यातला किती फरक आजाराचा आणि किती यंत्राचा हे खात्रीने सांगता येत नाही, शिवाय लक्षणं दिसेपर्यंत मोठं नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. त्यामुळे दरवर्षी पैसे घालू नका म्हणाले. स्कॅन नको असं तोंडावर सांगणारे ते पहिले डॉक्टर, मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

मग २०२० आलं, लॉकडाउन, घरातच. त्या वर्षात डोळ्यांचं सुरू झालं. जेवताना हे ताटातली भाजी तशीच ठेवायला लागले. मला वाटायचं आवडली नाही, मी बदलून बदलून करायची, मेथी, दोडका, वांगं, काही केलं तरी वाटीत तसंच. एक दिवस सुनेच्या लक्षात आलं की हे ताटाकडे बघतच नाहीयेत, समोर भिंतीकडे बघत अंदाजाने हात नेतायत. तिने ताट उचलून छातीच्या उंचीवर धरलं तर सगळं जेवले! त्यांना खाली दिसतच नव्हतं. म्हणजे नजर खाली जात नव्हती. तेव्हापासून टेबलावर मोठा डबा उपडा ठेवून त्यावर ताट ठेवतो. जिना उतरताना पडायचे ते का, चप्पल चुकीच्या पायात का घालायचे, सगळं एका दिवसात उलगडलं आणि मी भाजीवरून त्यांना बोलले होते ते आठवून रात्रभर झोप लागली नाही.

२०२१ मध्ये पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्या हालचाली बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजारांमधल्याच तज्ज्ञ. त्यांनी पेन धरून वर खाली नेलं, "काका, मान न हलवता फक्त डोळ्यांनी बघा", डोळे डावीउजवीकडे गेले, खाली जाईनात. मग त्यांनी यांचं डोकं दोन्ही हातांत धरून हळूच मागे पुढे केलं तर डोळे आपोआप वर खाली झाले. म्हणजे डोळ्यांचे स्नायू चांगले आहेत, वरून हुकूमच येत नाही. मग म्हणाल्या फक्त तीन टाळ्या वाजवा. यांनी सहा सात वाजवल्या, थांबताच येईना. बाईंनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, काकू, मला हा पार्किन्सन वाटत नाही, पीएसपी वाटतोय, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. १९६४ मध्ये स्टील, रिचर्डसन आणि ओल्सझेव्हस्की या तीन डॉक्टरांनी पहिल्यांदा सविस्तर मांडलेला आजार. यात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत गोळा होतं आणि मेंदूचा मधला भाग, मिडब्रेन, वाळत जातो. आणि तो वाळलेला एमआरआयवर मोजता येतो, फक्त नीट काढला पाहिजे.

"मोजता येतो" म्हटल्यावर हे जे खुर्चीत सरळ झाले ते मला अजून दिसतं.

हा दुसरा एमआरआय ३ टेस्लाच्या मशीनवर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), १ मिलिमीटरच्या पातळ कापांनी. पहिला १.५ टेस्लावर ५ मिलिमीटरच्या कापांनी होता. हे आकडे मला तेव्हा कळत नव्हते, आता कळतात. यांची मान तोपर्यंत मागे ताठ झाली होती आणि सपाट झोपवलं की लाळ घशात जाऊन ठसका यायचा, त्यामुळे मला आत थांबायची परवानगी मिळाली. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना, सगळं काढून सुनेच्या हातात दिलं. यांच्या मानेखाली घड्या करून चादरी घातल्या, कानात बोळे, डोक्यावर तो पिंजरा. मी पायाशी उभी राहून त्यांचा अंगठा धरला. आत गेल्यावर मला फक्त पायच दिसत होते. ठकठक ठकठक, मग घरघर, मग मध्येच शांत, आणि त्या शांततेत मला त्यांच्या अंगठ्यावरून कळायचं की ठसका दाबतायत. टेक्निशियन मुलगा स्पीकरवरून सारखा म्हणत होता, बाबा फक्त चार मिनिटं हलू नका. एक फेरी हलल्यामुळे वाया गेली, परत घेतली. पोरगा एकदाही चिडला नाही.

बाईंनी कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. डोकं बरोबर मधोमध उभं कापल्यासारखं चित्र असतं, त्यात मिडब्रेनचा वरचा काठ चांगल्या माणसात फुगीर असतो. यांचा खोलगट झाला होता. त्याच्या खालचा मेंदूचा भाग, पॉन्स, तेवढाच गोल गरगरीत आणि वरचा भाग बारीक, त्यामुळे बाजूने बघितलं तर छोटं डोकं, लांब चोच आणि भरलेलं पोट असा पक्षी दिसतो. त्याला हमिंगबर्ड साइन म्हणतात. आपल्याकडे हमिंगबर्ड नसतो, आमच्या जास्वंदीवर शिंजीर येतो, तसाच दिसला मला. एकदा दिसला की मग दुसरं काही दिसतच नाही त्या चित्रात. बाईंनी माउसने मिडब्रेनवर काठापासून काठापर्यंत एक रेघ ओढली आणि आकडा आला, ८.८ मिलिमीटर. म्हणाल्या २०१३ च्या एका अभ्यासात ९.३५ च्या खाली गेला तर पीएसपीच्या बाजूने भक्कम पुरावा धरलाय, पण मी नुसत्या आकड्यावर जात नाही, तुमचे डोळे, टाळ्या, मागे पडणं आणि हे चित्र, सगळं मिळून मी पीएसपी म्हणतेय.

मग त्यांनी विचारलं की २०१८ च्या एमआरआयची सीडी आहे का. आमच्याकडे सीडी नव्हती, नुसती फिल्म आणि रिपोर्ट होता. मुलगा त्या सेंटरला जाऊन आला, त्यांनी सांगितलं जुना डेटा आम्ही ठेवत नाही, पुसला. तेव्हा मागितली असती तर शंभर दोनशे रुपयांत सीडी मिळाली असती, आम्हाला कुणी मागा म्हणून सांगितलं नाही आणि त्यांनी पण आपणहून दिली नाही. मला याचं खूप वाईट वाटतं, अजून वाटतं. कारण तीन वर्षांत काय झालं याची पहिली खूणच गेली.

पण फिल्म होती. यांनी ती इतर कागदांबरोबर न ठेवता नकाशे ठेवायच्या पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवली होती, सवयीने. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, शब्द तोपर्यंत जड झाले होते, "खिडकीला लाव." मी फिल्म बाल्कनीच्या काचेला चिकटपट्टीने त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर लावली, खाली धरून दिसलं नसतं, काचेवर उजेडात छान दिसत होतं. वीस चौकटींमध्ये मधोमधची एकच होती. तिच्या कडेला बारीक सेंटिमीटरची पट्टी छापलेली असते, ती त्यांना बरोबर दिसली. डिव्हायडर मागितला. हात सावकाश चालत होते पण धरायची पद्धत तीच, अंगठा आणि मधलं बोट. एक टोक मिडब्रेनच्या एका काठावर, दुसरं समोरच्या काठावर, मग तसाच उचलून पट्टीवर ठेवला. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा वेगळं आलं, साडेनऊ, दहा, साडेदहा. त्यांनी डिव्हायडर बंद करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "खूण जुळत नाही. धरू नको."

पुढच्या भेटीत बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या काका अगदी बरोबर बोलले. ५ मिलिमीटरच्या जाड कापात मधोमधची जागा नेमकी सापडत नाही, काप जरा जरी बाजूला गेला, डोकं जरा जरी तिरकं असलं तर पक्षी जाड दिसतो नाहीतर बारीक दिसतो. पीएसपीत मिडब्रेन वर्षाला साधारण २ टक्क्यांच्या आसपास घटतो असं अभ्यासांत दिसलंय, म्हणजे ९ मिलिमीटरचे जेमतेम पाव मिलिमीटर पण नाहीत, आणि नुसत्या हाताच्या चुकीने त्याच्यापेक्षा जास्त फरक पडतो. म्हणून पुढे मागे तुलना करायचीच असेल तर तेच मशीन, तीच सेटिंग, तोच पातळ काप, आणि मोजणारा शक्यतो तोच. यांनी मान हलवली, बाईंचा हात धरला आणि "साखळी तीच" एवढंच म्हणाले. बाईंना कळलं नाही, मी समजावून सांगितलं की मोजणीत दोन्ही वेळी साखळी एकच लागते, कड्या झिजलेली साखळी आणली की बांध सरकतो.

२०२३ मध्ये तिसरा एमआरआय केला. बाईंनी सक्ती केली नव्हती, यांनाच हवा होता. त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, मुलाने आधी फोन करून २०२१ च्या सीडीवरून तीच सेटिंग लावायला सांगितलं आणि त्यांनी लावली. आकडा आला ८.४. दोन वर्षांत ०.४ मिलिमीटर, अभ्यासात सांगितलाय जवळजवळ तसाच.

आणि त्याच दोन वर्षांत काय काय गेलं ते मी बघितलं होतं. काठी घेऊन चालणारा माणूस व्हीलचेअरवर आला. पाण्यात पावडर घालून घट्ट करून चमच्याने द्यायला लागलो. वाक्यं गेली, शब्द राहिले, मग शब्द पण संध्याकाळपर्यंत संपायला लागले. पीएसपी रेटिंग स्केल म्हणून एक तपासणी असते, २८ मुद्दे, १०० पैकी गुण, जितके जास्त तितका आजार पुढे. त्यात हे ३४ वरून ५७ वर गेले. बाई म्हणाल्या वर्षाला दहाएक गुण वाढतात साधारण. म्हणजे एकीकडे तेवीस गुण आणि एकीकडे नखाच्या कडेएवढा ०.४ मिलिमीटर. मी बाईंना रडत विचारलं की एवढ्याशा फरकाने माणूस एवढा कसा जातो. त्या म्हणाल्या काकू तो भाग मुळातच एवढासा असतो, आणि नजर, तोल, गिळणं सगळ्याच्या तारा तिथूनच जातात.

मग इतक्या बारीक मोजायचं कशाला, हा प्रश्न मला पण पडला होता. त्याचं उत्तर मला औषधांच्या चाचण्यांबद्दल कळल्यावर मिळालं. टाऊला पकडणारी दोन औषधं, गोसुरानेमॅब आणि टिलावोनेमॅब, पीएसपीच्या माणसांवर तपासली जात होती, २०१९ मध्ये दोन्हींचं अपयश जाहीर झालं. त्यात गुणांबरोबर एमआरआयवर मेंदूचा आकार पण मोजला होता. गुण माणसाच्या त्या दिवसाच्या तब्येतीवर, झोपेवर पण थोडे हलतात, मेंदूचा आकार तसा हलत नाही, म्हणून खरंच औषधाने आजार थांबतोय का हे बघायला तो लागतो. शेकडो माणसं, प्रत्येकाची साखळी एकच, तेव्हा कुठे पाव मिलिमीटरचा अर्थ लागतो. मी हे यांना वाचून दाखवलं. त्यांनी बराच वेळ घेऊन विचारलं, "मोजणी बरोबर होती?" मी म्हटलं हो, दोन्हींची बरोबर होती. "मग मान्य", म्हणाले. आयुष्यभर शेतकऱ्यांना हेच सांगितलं त्यांनी, निकाल विरुद्ध गेला तरी.

चौथा एमआरआय करणार नाही आम्ही. आता सपाट झोपवता येत नाही, आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं की आता त्यातून जे कळेल त्याने माझं एक औषध पण बदलणार नाही. त्याऐवजी मी वही ठेवते. महिन्यात किती वेळा तोल गेला, एक वाटी पेज संपायला किती मिनिटं लागली, किती वेळा ठसका लागला, रात्री किती वेळा उठले. बाई सीडीच्या आधी वही मागतात. मागच्या वेळी त्यांनी पेजेचे आकडे बघितले, अठरा मिनिटांवरून चाळीस, आणि तिथल्या तिथे नळीने अन्न द्यायचा विषय काढला. ते एमआरआयवर दिसलं नसतं.

दोन्ही सीडी आणि ती जुनी फिल्म पत्र्याच्या नळीत एकत्र ठेवल्यात, मुलाने सीडींची कॉपी कॉम्प्युटरवर पण घेतलीय. तुमच्याकडे कुणाचा स्कॅन व्हायचा असेल तर त्याच दिवशी काउंटरवर सीडी मागून घ्या, रिपोर्ट नॉर्मल आला तरी घ्या, नॉर्मल आला तर नक्कीच घ्या. आणि कापाची जाडी किती होती ते विचारून मागे पेनने लिहून ठेवा. नळीने अन्न द्यायच्या विषयावर आम्ही अजून ठरवलेलं नाही, यांना विचारलं तर डोळे मिटून घेतात. सून म्हणते आई, घाई नको करू. पेज आता मी बेचाळीस मिनिटांत संपवते, काल चव्वेचाळीस लागली.